घाबरलेल्या आईची पिल्लं

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाभण माद्या ठेवलेल्या खोलीचं दार मी कुणाला आपटू देत नसे. सेरोटोनिन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन. पण पिल्लू पोटात असताना त्याचं काम गवंड्याचं असतं. कुठल्या पेशीने कुठे वाढायचं, कुणाशी जोडून घ्यायचं, यात त्याचा हात असतो. आई फार घाबरली तर हे बांधकाम बिघडू शकतं. म्हणून घाबरलेल्या आईची पिल्लं आम्ही प्रयोगातून सरळ बाद करायचो.

मी स्वतः तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. पंजाब पेटला होता. चंदीगडात नाक्यानाक्यावर बंदुका, पेपरात रोज मेलेल्यांची नावं. एका सकाळी सेक्टरच्या बाजारात मी भाजी घेत असताना समोरच्या बसस्टॉपवर स्फोट झाला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत पोटात काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन काय विचारलं, तर आवाज माद्यांपर्यंत पोचला का! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. मला मात्र चैन पडेना. तिला तिसरा महिना लागला आणि मी रोज दुपारी तिच्यामागे स्टीलची थाळी पाडू लागले. ती किती दचकते, किती वेळाने शांत होते, ते वहीत लिहायचे. पिल्लांची चाचणी आम्ही अशीच घेत असू. बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी नवव्या दिवशी थाळी हिसकावली.

"काय करून राहिली तू हे? लेकरू आहे ते, उंदीर नाही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही फाडून टाकली. तशीही ती निरुपयोगीच होती. तुलनेला न घाबरलेल्या आईचं मूल त्या शहरात मी कुठून आणणार होते?

तिचं बांधकाम बिघडलं असेल, ही शंका मी नवऱ्यालाही कधी सांगितली नाही. लेक अभ्यासात हुशार निघाली, लग्न झालं, तरी ती जरा गप्प बसली की मी मनात सेकंद मोजू लागते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिला आता सातवा लागलाय. मराठी तिला सगळी समजते, पण बोलते हिंदीतच.

"मम्मी, जब मैं पेट में थी, आपको डर लगता था?"

"छे गं! मजेत होते मी," मी म्हणाले.



"फिर मुझे इतना डर क्यों लगता है?"