तो वाफा रिकामा नव्हता

मंडळी, आज नरपडच्या आपल्या बागेत माझ्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते.

पुढच्या आठवड्यात माझ्या शाळेची मुलं बाग बघायला येणार आहेत. म्हणून आज सकाळी लवकर जाऊन मी कुंपणाजवळचा रिकामा वाफा खणला आणि झेंडूची रोपं लावली. कुदळीला लागलेल्या गाठी कचऱ्यात टाकल्या.

दहा वाजता तलासरीहून लाडकीमावशी आल्या. त्याही माझ्यासारख्याच दर रविवारी बागेत राबायला येतात. वाफ्यापाशी येऊन त्या थांबल्या.

"मॅडम, इथले कंद कुठं गेले?"

"कसले कंद? इथं काहीच नव्हतं."

"शेवळांचे. आमची रानभाजी. पाऊस येईपर्यंत वर काही दिसत नाही तिचं."

आम्ही दोघींनी मिळून कचरा उपसला. तीन कंद धड निघाले. बाकीचे माझ्या कुदळीने चिरले होते.

"पाड्यावरून दुसरे आणता येतील ना?" मी विचारलं.

"ती जागा रस्त्यात गेली. म्हणून तर इथं लावले होते."

त्या रागावल्या नाहीत. झेंडू तसाच ठेवून त्यांनी बाजूला तीन खड्डे केले आणि कंद लावले. मी पाणी घातलं.

दोन वर्षं आम्ही शेजारी बसून तण काढतोय, पण मावशी काय लावतात हे मी एकदाही विचारलं नाही.

कुणाच्या रानात अजून शेवळं उगवतात का? सांगाल तर मी मावशींना घेऊन येईन. खणतील त्या, मी टोपली धरेन.