भोरपलीकडच्या दगडी बंगल्यात चौघांचं जेवण

आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात कुठेतरी चालायला जातो. म्हणजे, जायचो. यंदा भोरच्या पुढे, घाटाच्या अलीकडे असलेला इंग्रजांच्या काळातला दगडी बंगला बुक केला आणि आठवडाभरात ग्रुपवर एकेकाने अंग काढून घेतलं. शेवटी शिरीषनेही लिहिलं, ‘तू जा रे, मजा कर.’ असा राग आला! म्हटलं, खड्ड्यात जा, मी जातोच.

कोथरूडहून सकाळी सातला गाडी काढली. सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर. पुढचा रस्ता खराब आहे, लहान गाडी जपून न्या. खोलीला दीड हजार पडतात. जेवण मात्र आदल्या दिवशी फोनवर सांगायचं, कारण तिथल्या शेवंताबाई माणसं मोजूनच भाकऱ्या थापतात.

मी माती खाल्ली ती तिथेच. “किती जणं?” असं बाईंनी विचारलं आणि मला ‘एकटाच’ म्हणायची लाज वाटली. “चौघं,” म्हणालो.

बंगला झकास आहे. दोन हात जाड भिंती, उंच छत, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. एका खुर्चीवर मी टेकलो. बाकीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघवेना.

दुपारी बाईंनी चार ताटं मांडली. पिठलं, भरीत, गरम भाकरी.

“बाकीची मंडळी?”

“मागून येतायत,” मी आणखी एक थाप मारली.

दीड वाजला. पाहुणे जेवल्याशिवाय बाई जेवणार नव्हत्या. “घाटात काय झालं तर न्हाय ना?” म्हणत त्यांनी नवऱ्याला मोटारसायकल काढायला सांगितलं. ते बिचारे चपला घालायला लागले, तेव्हा मात्र मला राहवेना.

“अहो, थांबा. कोणी येणार नाहीये. मी एकटाच आलोय.”

बाईंनी एक ताट उचललं. मग म्हणाल्या, “तसं सांगायचं की! आमची दोन्ही पोरं वाघोलीला हायत, दिवाळीला बी आली न्हाईत. त्यात लाजायचं काय? बसा, तिघं जेवू.”

दुसऱ्या दिवशी बंगल्यामागच्या पायवाटेने पठारावर गेलो. दोन तासांची सोपी चढण आहे, पाणी मात्र बरोबर न्या. वरून धरणाचं निळं पाणी दिसलं आणि “अरे, बघ!” म्हणायला मी तोंड उघडलं. आजूबाजूला नुसतं वाळलेलं गवत होतं. एकट्याने चालण्याचं सुख वगैरे लोक लिहितात. मला नाही लाभलं ते. मी लवकर खाली उतरलो.

घरी आल्यावर ग्रुपवर फोटो टाकले. तीन अंगठे आले. दोन दिवस धुमसलो आणि मग शिरीषला फोन लावला.

“काय, केलीस ना मजा?”

“नाही. तुम्ही आला नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटलं.”

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी असं कधी बोललो नव्हतो. तो पुटपुटला, “बरं, ठेवतो. कुकरची शिट्टी झाली.”

मला काही शिट्टी ऐकू आली नाही. आणि त्याने फोनही ठेवला नाही.