हाय आणि नाय
तापलेल्या मॉनिटरवरच्या धुळीचा वास आला की मला पोलादपूरचं मित्राचं घर आठवतं. कॉलेजात असताना आम्ही दोघांनी तिथे एक खेळण्यातली प्रोग्रामिंगची भाषा केली होती. तिच्यात खऱ्याला ‘हाय’, खोट्याला ‘नाय’ आणि पडद्यावर काही छापायचं तर ‘सांग’. मग तो नोकरीला पुण्याला गेला आणि भाषा त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर राहिली. दिवाळीनंतरच्या एका दुपारी त्याच्या घरी बसून, फोनवर त्याचं ऐकत मी राऊटरचा एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा एक नंबर, उघडला. पुण्याहून तो त्या नंबरावर आला की त्याला थेट आमच्या प्रोग्रामकडे धाडायचं होतं. “म्हंजे मागल्या दारानं येनार,” अंगणात भात वाळत घालून आलेली त्याची आई म्हणाली. फोन ठेवला. खिडकीतून पेंढ्याचा वास येत होता, महाडहून एमआयडीसीची बस पहिल्या पाळीची माणसं घेऊन परतत होती, आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. “हाय काय रे तो?” तिने हळूच विचारलं, आणि तेवढ्यात पडद्यावर उमटलं, हाय. मी वाचून दाखवलं. ती पदराला हात पुसत जवळ आली. “जेवला काय, इचार.” मी ‘सांग’ लिहून पुढे तिचा प्रश्न धाडला. उत्तराला बराच वेळ लागला. नाय. तिने त्या तापलेल्या मॉनिटरवरून एकदा हात फिरवला फक्त. आता नोकरीत मी रोज दूरच्या कितीतरी मशीन्सशी जोडला जातो. चालू आहेत ना, एवढंच त्यांना विचारतो.