पाच नंबरची चिठ्ठी

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगते. उघड्या मेंदूशेजारी बसून नोकरी करणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

उपनगरातल्या एका हॉस्पिटलात मी आहे. मेंदूतली गाठ काढताना काही पेशंटना जागं ठेवतात. डोक्याच्या कातडीला भूल देतात, मेंदूला स्वतःला दुखत नाही. मी समोर टॅब धरून चित्रं दाखवते — छत्री, मांजर, किल्ली — आणि पेशंट नावं सांगतो. तेवढ्यात डॉक्टर मेंदूतल्या एकेका जागेला बारीक करंट देतात. नाव अडकलं की मी म्हणते, "चूक." मग तिथे नंबराची चिमुकली चिठ्ठी ठेवतात आणि गाठ असली तरी ती जागा कापत नाहीत. गाठ कुठे आहे ते स्कॅनवर दिसतं. बोलणं कुठे आहे ते माझ्या एका शब्दावर ठरतं.

तर काका. माझ्या मावशीचा नवरा, मुलुंडला राहतात, मराठीचे रिटायर्ड मास्तर, मूळचे साताऱ्याचे. सोसायटीचा गणपती असो की कुणाची साठी, माईक यांच्याच हातात. मावशी मालवणची. लग्न झाल्यापासून या माणसाने तिला घरात मालवणी बोलू दिली नाही. तिच्या तोंडून 'माका' निघालं की म्हणायचे, "नीट बोल, मग ऐकतो." बिचारी माझ्याशी फोनवर बोलायची, तेही किचनमधून, हळू आवाजात.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती गेली. "झोपेतच गेली," काका म्हणाले. त्या दुपारी तीनच्या सुमाराला तिचा मला फोन आला होता. मी पेशंटसोबत होते, कट केला. हे मी कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

मग काकांना गाठ निघाली, डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाला चिकटून. नातेवाईकाची केस घ्यायची नसते, पण मराठीत चित्रं घेणारी आमच्याकडे मी एकटीच. आदल्या दिवशी सगळी चित्रं एकदा घोकून घेतो, अडखळेल ते चित्र बाद. काका एकावरही अडखळले नाहीत. नारळ खवायच्या विळीवर खणखणीत म्हणाले, "विळी." वर माझा 'ण' सुधारला. मेल्याची वाचा बसावी असं तेव्हा मनात आलं. आलं, खोटं कशाला बोलू?

सकाळी अकराला सुरुवात झाली. डॉक्टर तमिळ, सिस्टर केरळच्या, भूल देणाऱ्या मॅडम बंगाली. मराठी कळणारी खोलीत मी एकटी. चार चिठ्ठ्या लागल्या. पाचव्या जागेला करंट दिला तेव्हा समोर विळीच होती.

"आडाळो," काका म्हणाले.

मावशी विळीला आडाळो म्हणायची. पुढचं चित्र झाडूचं होतं. "वाडवण." मग मांजर. "माजार." आवाज काकांचाच, पण हेल मावशीचा, शब्द संपवताना जरा वर उचलायची तसाच.

डॉक्टरांनी करंट थांबवून हात मागे घेतला. आणि काका बोलतच राहिले. "अवो, माज्या छातीत दुखताहा... डाक्टराक बोलवा." लगेच मास्तरी आवाजात, "नीट बोल, मग ऐकतो." पुन्हा तिचा हेल, "छातीत..." पुन्हा, "नीट बोल." तीनदा. मग डोळे माझ्याकडे वळले. "चेडवा, तुका फोन केलंय. तू कट केलंस."

मॉनिटरवर बघितलं. करंट बंद. फिट आल्याची एकही खूण नाही.

"चूक की बरोबर?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

वस्तू तर बरोबर ओळखली होती ना, फक्त भाषा दुसरी. मी 'बरोबर' म्हटलं असतं तर ती जागा कापली गेली असती आणि माईकवाल्या मास्तरांची वाचा बहुतेक तिथेच संपली असती. इतक्या वर्षांचा सूड एका शब्दात. जिभेवर आला होता तो शब्द, शपथ सांगते. पण मग मावशीही कापली गेली असती. आत्ता कुठे तिला बोलायला मिळालं होतं.

"चूक," मी म्हटलं. पाच नंबरची चिठ्ठी बसली. खालची थोडी गाठ तशीच राहिली.

काका घरी आले. बोलणं स्वच्छ. फक्त रोज दुपारी तीनच्या सुमाराला तेच सुरू होतं — आधी तिचं, मग यांचं. तपासण्या केल्या, फिट्सचं औषध वाढवलं, काही फरक नाही. डॉक्टर म्हणतात, जुनी आठवण उसळते. असेल. फोन कट केल्याचंही तिच्या मोबाईलमध्ये दिसलं असेल. पण करंट बंद असताना तो हेल कुठून आला, आणि मालवणीचा एक शब्द न शिकलेल्या माणसाला 'वाडवण' कुणी शिकवलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी तीनला मी तिथेच होते. सगळं बोलून झाल्यावर काकांनी माझा हात धरला. रडत होते. "ती जागा काढूक सांग गो त्या डाक्टराक," ते म्हणाले. "माका सोसवणा नाय."

मी हात सोडवून घेतला.

"नीट बोला, काका," मी म्हटलं. "मग ऐकते."