रद्द झालेले पेढे

नाना पागनीस सकाळी सकाळी आमच्या दारात रिकामा डबा घेऊन उभे होते.

"वहिनी, मागच्या महिन्यातले पेढे रद्द झालेत," ते म्हणाले. "शिल्लक असतील तर या डिब्ब्यात टाकून द्या."

पेढे केव्हाच पोटात गेले होते. तसं सांगितल्यावर नानांनी काखेतलं लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं. कॉलेजनं फुटबॉलचा कप जिंकला त्या दिवशी पेढे घेणाऱ्या सगळ्या घरांची नावं त्यात होती आणि शेवटी पट्टीनं आखलेला एक नवा रकाना. "खाल्ले ते खाल्ले, त्याला आता काय करणार. पण आनंदानं खाल्ले नाहीत एवढं लिहून सही करा. आनंदाला आधार राहिला नाही ना." मी हसू दाबत 'आनंदाने खाल्ले नाहीत' असं लिहिलं आणि सही केली. तारीख घालायला विसरले, ती त्यांनी माझ्याकडून घालून घेतली. समोरच्या शर्माजींच्या फ्रीजमधून त्यांना अर्धा पेढा परत मिळाला. दगडासारखा झालेला तो पेढा डब्यात ठेवून त्यांनी समाधानानं झाकण लावलं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यजमानांच्या बँकेच्या बदलीनं उज्जैनला आलो आणि माधव नगरात नानांच्या शेजारी राहिलो. नाना सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायचे. "आमच्या खानदानात तलवार कुणी धरली नाही, पण दुसऱ्यांनी धरली ती प्रत्येक तलवार आम्ही लिहून ठेवली," असं ते छाती काढून सांगत. कुठलाही वाद निघाला की त्यांचा एकच प्रश्न असे, "रेकॉर्डवर काय आहे ते बोला." शाळेच्या दाखल्यावर त्यांच्या बायकोची, मालतीकाकूंची, जन्मतारीख एक जुलै पडलेली. काकू खऱ्या जन्मल्या दिवाळीत. नाना चाळीस वर्षं त्यांना एक जुलैलाच औक्षण करवत आणि दिवाळीतला वाढदिवस काकू आमच्या स्वयंपाकघरात गुपचूप साजरा करत.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून शिकले. मी शिकवते त्या शाळेच्या हजेरीपटात मी एकदा चुकलेलं नाव पांढऱ्या शाईनं बुजवलं होतं. नाना एवढे भडकले की चहा तसाच ठेवून उठले. "खोडायचं असेल तर एकच रेघ मारायची, वहिनी. बाजूला सही, तारीख. खालचं वाचता आलंच पाहिजे. पांढरी शाई लावणारा आदमी चोर असतो."

अशा माणसाला फुटबॉलचं वेड लागावं, हे एक आश्चर्यच. नानांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण त्यांच्या जुन्या कॉलेजची टीम मैदानात उतरली की कडेला छत्री घेऊन ते हजर. आपल्याच खेळाडूनं कुणाला पाडलं आणि रेफ्रीच्या नजरेतून ते सुटलं, तर हात वर करून ओरडत, "साब, गलती हमारी है!" टीमची पोरं त्यांना भयंकर घाबरायची.

आणि एवढं सरळ चालणारा हा माणूस सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हता. वसंतराव गावातच, नानाखेड्याला राहत. शाळेत खेळाचे शिक्षक होते, कॉलेजच्या मॅचना रेफ्री म्हणून उभे राहत. अकरा वर्षांपूर्वीच्या एका फायनलनंतर नानांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. का, ते काकूंनाही माहीत नव्हतं. फार आग्रह झाला तेव्हा नानांनी चिंतामण गणपतीला नवस बोलला होता, 'कॉलेजनं कप जिंकला तर वसंताशी बोलेन.' त्या फायनलनंतर टीम दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी यायची. त्यामुळे हा नवस बोलण्याचा नसून न बोलण्याचा आहे, हे सगळ्या कॉलनीनं ओळखलं होतं.

पण मोंटी आला. या पोरानं त्या वर्षी असा खेळ केला की टीम थेट फायनलला पोचली, आणि फायनलमध्ये दोन्ही गोल त्याचेच. शेवटची शिट्टी झाल्यावर नानांनी पेढे वाटले, ऑटो केली आणि नानाखेड्याला गेले. दार उघडणाऱ्या भावाला म्हणाले, "वसंता, बोलायला आलोय." त्यानंतर रोज सकाळी दोघे भाऊ पोह्यांच्या ठेल्यावर दिसू लागले. पोह्यांवर शेव, शेजारी जिलबी आणि अकरा वर्षांचं तुंबलेलं बोलणं. नाना त्या दिवसांत चक्क गुणगुणत चालत.

मग महिनाभरात विद्यापीठाचा हुकूम आला. मोंटी कॉलेजात शिकत नव्हता. तीन वर्षांपूर्वीच पास होऊन फ्रीगंजला मोबाइलचं दुकान चालवत होता, आणि टीमच्या यादीत दुसऱ्याच कुणाच्या नावावर खेळला होता. गंमत म्हणजे अर्ध्या उज्जैननं त्याच्याकडून फोनची काच बसवून घेतली होती. नानांनीसुद्धा. सगळे त्याला ओळखत होते, म्हणून तो कोण हे कुणी विचारलंच नाही. कप परत घेतला, जिंकलेला सामना रद्द, टीमवर दोन वर्षांची बंदी.

गावात हाहाकार उडाला. पोरांनी पुतळा जाळायचं ठरवलं, पण कुणाचा यावर चौकात तासभर भांडण झालं. शेवटी एक जुना फुटबॉल जाळला. त्याचा असा वास सुटला की आंदोलन आपोआप पांगलं. ठेल्यावर पोहेवाला समोरच्या टीमच्या गोलकीपरबद्दल तावातावानं सांगत होता, "अरे भिया, उनका गोलची दो बच्चों का बाप है, उसको कोई नी देख रिया!" नाना तेवढे शांत होते. "सजा बराबर आहे," म्हणाले. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या टीमच्या फोटोतून कप काढायला त्यांनीच लावला. मग कितीतरी दिवस त्या फोटोत अकरा जण हात उंचावून मोकळी हवा उचलताना दिसत.

इथपर्यंत आम्ही हसलो. पण सामना झालाच नाही, तर नवस कसला पुरा झाला? नानांनी भावाला रीतसर पत्र पाठवलं, 'मधल्या काळात आपणाशी झालेले बोलणे रद्द समजावे.' देवळातल्या गुरुजींनी परोपरीनं समजावलं, "अहो, देवानं आपलं काम केलं, गोल झाला ना?" नाना म्हणाले, "कप परत गेला, गुरुजी." ठेल्यावर दोघे येत राहिले, एकाच बाकावर बसत राहिले. नाना पोहेवाल्याला म्हणत, "इनको बोलो, शेव कमी खावी. डॉक्टरनं मना केलंय."

डॉक्टरनं खरंच मना केलं होतं. थोड्याच दिवसांत वसंतरावांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, इंदूरला. बायको मागेच गेलेली, मुलगी परदेशात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नानांना गाठलं. मला त्यांचा राग आला होता, खरंच आला होता. "उद्या काही बरंवाईट झालं तर कुठल्या रजिस्टरात सही घेणार आहात?" मी विचारलं.

नाना आत जाऊन एका जुन्या कागदाची फोटोकॉपी घेऊन आले. अकरा वर्षांपूर्वीच्या फायनलचा, वसंतरावांनी लिहिलेला रेफ्रीचा रिपोर्ट होता तो. त्यात एका ओळीखाली पेन्सिलनं खूण केलेली. 'पेनल्टी दिल्यावर एका अनोळखी इसमाने मैदानात चप्पल फेकली.'

"चप्पल माझी होती," नाना म्हणाले. "माझं डोकं फिरलं होतं, कबूल. उपद्रवी लिही, गुंड लिही, मी सही केली असती. पण त्यानंच दिवाळीत घेऊन दिलेली चप्पल, त्यानंच उचलून माझ्या हातात दिली, आणि लिहिलं काय, तर अनोळखी! सख्ख्या भावानं रेकॉर्डवर मला ओळख दिली नाही, वहिनी." मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी गाडी काढली. नाना पुढे बसले, मी आणि वसंतराव मागे. "मागे एसी लागतोय का विचारा," नाना यजमानांना सांगत. "लागत नाही म्हणावं," वसंतराव मला सांगत. इंदूर येईपर्यंत हेच चाललं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर भरतीचा फॉर्म आला. वसंतरावांनी तो स्वतःच भरला, सावकाश, मास्तरी अक्षरात. पेशंटसोबत कोण आहे, या रकान्यात लिहिलं, 'दिगंबर पागनीस'. नातं, 'सख्खा मोठा भाऊ'. सहीसाठी फॉर्म नानांच्या पुढे सरकवला. नानांनी चष्मा पुसला आणि ती ओळ बोट ठेवून वाचली.

"बेटा, ये रेकॉर्ड में रहेगा?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"जी अंकल, हमेशा."

नानांनी सही केली, तारीख घातली, फॉर्मची फोटोकॉपी मागून घेतली. मग भावाकडे वळले. "वसंता, चप्पल माझीच होती."

"मला माहीत आहे, दादा."

"मग लिहायचं होतंस."

"लिहिलं असतं तर त्यांनी तुला मैदानात पाय ठेवू दिला नसता. तू जगला असतास का?"

"नियम होता तो," नाना पुटपुटले आणि भावाचा हात धरून त्याच्यासोबत लिफ्टकडे गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर नानांनी चप्पल फेकल्याबद्दल स्वतःवर दोन वर्षांची मैदानबंदी घातली आणि ती कडकपणे पाळली. त्या दोन वर्षांत टीमच खेळत नव्हती, ही गोष्ट निराळी. सकाळचे पोहे मात्र पुन्हा सुरू झाले, आणि नवसाचं काय झालं हे नानांना कुणी विचारलं नाही.

बंदी संपायला दोन महिने उरले असताना नाना गेले, झोपेतच. मला ते फार आठवतात. तेराव्यानंतर वसंतराव ते लाल रजिस्टर घेऊन आमच्याकडे आले. मागच्या एका पानावर नानांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वसंताशी बोलणे सुरू'. त्यावर एक रेघ, सही, तारीख. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. त्याच्याखाली हॉस्पिटलच्या दिवसाची तारीख आणि 'कायम' एवढाच शब्द.

"वहिनी, दादाचं सगळं दुरुस्त झालंय," वसंतराव पेन पुढे करत म्हणाले. "तुमचं तेवढं राहिलं आहे."

मी पेढ्यांचं पान काढलं. 'आनंदाने खाल्ले नाहीत' यातल्या 'नाहीत'वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. सही केली, आणि तारीख या वेळी कुणी न सांगता घातली.