आबांचा फेटा

“आबा, फेटा काढा.”

मी ओपीडीत एवढंच म्हटलं, तर आबांची बायको माझ्या अंगावर धावून यायचीच काय ती राहिली. “तुमी डाक्टर हाय का कोन? घरात मयत झाल्याबिगर आमच्यातला बापया डोकं उघडं टाकत न्हाई!”

१९७१ संपत आलं होतं. कोल्हारजवळच्या एका दवाखान्यात मी नवी मेडिकल ऑफिसर होते. तोंडाने फटकळ. अजूनही आहे.

भांडण आबांच्या तान्ह्या नातीवरून होतं. पोर सावळी, गोड. पण एक डोळा काळा, दुसरा निळाशार, आणि कपाळावर पांढऱ्या केसांची बट. आबांच्या बायकोने निकालच लावून टाकला होता. “आमच्यात असले डोळे कुनाचे हायेत? हिलाच इचारा!” ‘हिला’ म्हणजे सुनेला, सुमनला. ती खाली मान घालून भिंतीला टेकली होती, शेजारी कपड्यांचं गाठोडं. इथूनच तिला पोरीसकट माहेरच्या एसटीत बसवणार होते. नवरा बाहेर लिंबाखाली विड्या ओढत होता. काय म्हणावं अशा माणसाला!

मी पोरीच्या मागे स्टीलचा ट्रे आपटला. सगळे दचकले, ती सोडून.

तेव्हा कॉलेजात शिकलेलं आठवलं. पांढरी बट, निळा डोळा आणि बहिरेपण एकत्र येणारा एक सिंड्रोम असतो. सिंड्रोम म्हणजे एकाच कारणाने येणारी लक्षणांची टोळी. ही टोळी घराण्यात उतरते. आबांच्या भुवया नाकावर जुळलेल्या होत्या, तशाच त्यांच्या मुलाच्याही. शिवाय मी काही विचारलं की आबा डावा कान पुढे करत. म्हणून फेटा.

“काही नाही निघालं तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागते,” मी म्हटलं. “पण निघालं, तर या सुनेला घालवायचं कुणी?”

आबांनी सुनेकडे बघितलं. मग सावकाश फेट्याचा एकेक पेच उलगडला. ते असतील पंचेचाळिशीचे. त्या काळी आजोबा तेवढ्याच वयाचे असत. भादरलेल्या डोक्यावर काळे खुंट, आणि पुढे मधोमध पांढऱ्या खुंटांचा पट्टा.

“ती खोक हाय,” बायको म्हणाली. “ल्हानपनी बैलानं मारल्याली.”

“खोक न्हाई,” आबा म्हणाले. “जन्माचीच हाय. सोयरीक मोडंल म्हनून आईनं बैलाचं सांगितलं. माजी थोरली भन बी भैरी-मुकीच हुती.”

सुमनने तोंडाला पदर लावला आणि ती हमसून हमसून रडली. सासू खाली बसली, आणि जरा वेळाने तिने ते गाठोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

यामागचं कारण मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. पेशीत सगळ्या सूचना असतात. त्यातली कोणती कधी चालू करायची, हे ठरवणाऱ्या प्रथिनाला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आपला पाटकरीच समजा. पाटात पाणी असतं, पण कुणाच्या वावरात कधी सोडायचं ते त्याच्या हातात. गर्भात रंगाच्या पेशी केस, डोळे आणि आतल्या कानापर्यंत पोचवण्यात असल्याच एका पाटकऱ्याचा हात असतो. तो कमी पडला की काही वावरं कोरडी राहतात. कुणाची जास्त, कुणाची कमी. आबांच्या मुलात नुसत्या भुवयांवर भागलं होतं.

पोरीला ऐकू येणार नव्हतं. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं, आणि ते सांगताना माझी फटकळ जीभही अडखळली. पुढे आबाच तिला नगरच्या मूकबधिर शाळेत पोचवायला जात.

पण मला अजून आठवतो तो त्या दिवशीचा बाजार. फेटा खांद्यावर टाकून, नातीला कडेवर घेऊन आबा दवाखान्यासमोरच्या भर बाजारातून बोडके निघाले. मागे सुमन. मी दारात उभी राहून बघत होते.

“आबा, कोन गेलं?” एका दुकानदाराने घाबरून विचारलं.

“समदी हायेत,” आबा मोठ्याने म्हणाले. “ही माजी नात. बट बघ, माजीच हाय.”

तेव्हापासून फॅमिली हिस्ट्री घेताना मी आधी टोपी, फेटा, पदर बाजूला करायला लावते. प्रश्न नंतर विचारते.