दोऱ्याच्या रंगासाठी केलेले फोन

माणसाच्या आवाजाला पर्याय नाही, असं मी एकदा फार गंभीरपणे म्हणालो होतो. विषय शिलाईच्या दोऱ्याचा होता.

जालन्यात मस्तगडला आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं, मी नोकर. दोरा, अस्तर, लेस, बटणं, साडीचा फॉल असं शिवणकामाचं सामान आम्ही जिल्हाभर पाठवतो. पूर्वी मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो. तो बंद पडल्यावर शेठनं बोलावून दुकानाची वेबसाइट करायला सांगितली, ती मी एकट्यानं केली. दिसायला ती लग्नपत्रिकेसारखी होती, पण मागण्या येत.

तिच्यात एक उणीव होती. मोबाइलवरचा आमसुली आणि रिळावरचा आमसुली यांची एकमेकांशी ओळखही नसते. म्हणून मागणी आली की माल बांधण्याआधी मी गिऱ्हाइकाला फोन करायचो. जाफराबादला ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांच्याशी बोलणं असं चाले :

"ताई, हिरवा कोणता? मुगाच्या शेंगेचा का पोपटाचा?"

"पोपटाचा न्हाई भाऊ. मेथी शिजल्यावर होती ना, तसा."

"किती शिजल्यावर?"

"ते तुम्ही पाहा. तुमच्या घरी कोण शिजवतं?"

"मीच."

"मंग करपलेला नका पाठवू."

मंठ्याचे एक चाचा शेरवानीच्या दोऱ्यावरून सुरुवात करून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत यायचे. मी सगळं ऐकायचो. घरी मी एकटाच. रेडिओ आहे, पण तो ऐकून घेत नाही. दिवसभरात माझ्या वाट्याला येणारं बहुतेक बोलणं या रंगांपायीच व्हायचं.

मागण्या वाढल्या तसे फोन वाढले, आणि माल उशिरा निघू लागला. शेठनं वेबसाइट करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला बोलावलं. कंपनीच्या बाईंनी कापडाच्या ताग्यांवर लॅपटॉप ठेवून 'ग्राहकाचा प्रवास' दाखवला. त्यात ग्राहक सगळीकडे हसत होता. मी जाफराबादच्या जीपमध्ये बसलेला माणूस असल्यामुळे मला तो प्रवास ओळखता आला नाही.

"सर, साफ बोला," शेठ म्हणाले. क्लासमुळे ते अजून मला सरच म्हणतात. "घरचंच दुरुस्त करायचं का बाहेरच्यांना द्यायचं?"

तेव्हा मी ते आवाजाचं वाक्य म्हणालो.

"आवाज तर ठीक आहे. पण पार्सल जल्दी जाईना ना."

मी अडचण समजावून सांगितली. रंगाची खात्री बोलल्याशिवाय होत नाही, हे काम बाहेरच्यांना जमणार नाही. बाईंनी समोरचं एक रीळ उचललं, उलटं केलं आणि तळाशी छापलेला आकडा वाचला.

"प्रत्येक रंगाला नंबर आहे की. गिऱ्हाइकांना दोऱ्याच्या नमुन्यांचं कार्ड पाठवा. ते बघून नंबर टाकतील. फोन कशाला करायचा?"

शेठनं माझ्याकडे पाहिलं. ते नंबर मला ठाऊक होते. रॅकमधला माल मी त्याच नंबरांनी लावायचो, हे शेठनाही ठाऊक होतं. त्यांनी चहा मागवला आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगायला विसरले नाहीत. चहा संपल्यावर मी म्हणालो, "बाहेरच्यांना द्या." दुसरं उत्तर नव्हतंच.

नवी वेबसाइट चांगली आहे. कार्डं गेली, नंबर येऊ लागले, पार्सलं वेळेवर निघू लागली. मी माल बांधतो. दुपारी दुकान रिकामं असलं की चिकटपट्टी ओढल्याचा आवाज तेवढा येतो. फोन बिघडला की काय म्हणून मी एकदा दुकानाच्या फोनवर माझ्याच मोबाइलवरून फोन केला. चालू होता.

मग एका दुपारी जाफराबादच्या ताईंना लावला.

"काय झालं भाऊ? माल संपला का?"

"नाही, नाही. नवीन पद्धत जमतेय का, ते विचारायला केला."

"एकदम बराबर. कार्डावर पाह्यचं, नंबर टाकायचा."

"हिरव्याचं कसं करता?"

"त्यालाबी नंबर आहे ना."

मागं त्यांचं शिलाई मशीन सुरू होतं. मी म्हणालो, "आधी फोनवर जरा बोलणं व्हायचं."

"व्हायचं ना," त्या हसल्या. "तुमच्यापायी मशीन बंद करून बसावं लागायचं. आता कसं, हात थांबतच न्हाई. काही काम होतं का?"

"नाही."

"मंग ठेवू?"

"ठेवा."

संध्याकाळी त्यांची मागणी आली. नेहमीपेक्षा मोठी होती, आणि सगळे नंबर बरोबर होते.